रंगाचा दिवस

तिसऱ्या खेपेलाही रंग फाटला.

आर्नेलनं स्प्रेचा डबा खाली ठेवला आणि वाकून पाहिलं. पांढऱ्या बंपरवर गोल गोल खड्डे पडले होते. प्रत्येक खड्ड्याच्या तळातून काळं प्लास्टिक डोळे वटारून बघत होतं. रंगाला त्या जागांची किळस यावी आणि तो अंग चोरून बाजूला सरकावा, तसं.

"देवी आल्यात तुझ्या गाडीला," शेडच्या दुसऱ्या टोकाला शेगडीपाशी बसलेली साबेल म्हणाली. जावयाकडे न बघताच तिनं कढईतला सुका मासा उलटला. "असली वणाची नवरी कोण नेणार?"

चार वाजता लुसेनाहून गिऱ्हाईक यायचं होतं. गाडी साबेलच्या नवऱ्याची. मरताना त्यानं ती लेकीच्या, लूझच्या नावे केली. लूझनं मागे घेताना ती फाटकाच्या खांबावर घातली नसती, तर एव्हाना विकलीही गेली असती. गाडी गेली की त्या पैशांवर मनिलात खोली, आणि सोमवारी लेक-जावई चालते व्हायचे. साबेलला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या वाट्याला कोंबड्या राहणार होत्या.

आर्नेलनं सगळं करून पाहिलं होतं. रंग वाळू दिला, ओल्या पॉलिश पेपरनं घासून काढला, बंपर भांड्याच्या साबणानं धुतला, पुसला, प्रायमर मारला. पुन्हा रंग. पुन्हा खड्डे. आता लूझ शेवटचा डबा आणायला गेली होती.

"ताताय काय करायचे, नानाय?" त्यानं शेवटी सासऱ्याचा विषय काढत सासूला विचारलं. "तीस वर्षं याच शेडमध्ये गाड्या रंगवल्या त्यांनी. काहीतरी करत असतीलच ना?"

"करायचा की. काम करायचा."

"सांगितलंत तर जीभ झिजेल?"

"ज्याला हात आहेत त्याला सांगावं. तू म्हणजे कॉफीत बुडवलेला पाव. उचलायला जावं तर तुटून पडतो."

तिनं आणखी तीन मासे कढईत सोडले. तेल तडतडलं. निळसर धूर पत्र्याला लागला आणि पत्र्याखालून सरपटत बंपरच्या दिशेनं निघाला.

"माणसं तीन, मासे गल्लीला पुरतील एवढे," आर्नेल म्हणाला. "कुणी मेलंय का घरात?"

"अजून नाही. तुझा शेवटचा डबा येऊ दे, मग बघू."

"सोमवारी आम्ही गेलो की बसा तळत. दिवसरात्र तळा. कोणी अडवणार नाही."

साबेलनं उलथनं कढईच्या काठावर आपटलं. "आत्ता तरी कोण अडवतंय?"

तेवढ्यात लूझ नवा डबा घेऊन फाटकातून आत आली आणि चार पावलांवर थबकली. तिनं हवा हुंगली. बंपरवरचे खड्डे पाहिले. ताटातला माशांचा ढीग पाहिला. मग आईकडे पाहिलं. साबेलनं मान वर केली नाही.

लूझ सात वर्षांची असताना एकदा तापानं फणफणली होती. साबेलनं तिच्यासाठी एक अंडं तळायला घेतलं, तर बाप शेडमधून धावत आला आणि त्यानं तापलेलं तेल कढईसकट अंगणात भिरकावलं. रंगाच्या दिवशी या घरात तेल तापत नसे. आदल्या रात्रीचा भात, मीठ आणि पाणी, बस. तेलाचा धूर लागला की रंग फाटतो, हे इथल्या पोरीला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

लूझ शेगडीपाशी गेली आणि तिनं बटण फिरवलं. ज्योत गेली.

"आज रंगाचा दिवस आहे, नानाय."

"कुणाच्या रंगाचा? ह्याच्या?" साबेल उसळली. "माझं माणूस गेलं आणि त्याच्यासोबत रंगाचे दिवसही गेले. तीस वर्षं एका माणसासाठी शेगडी विझवली मी. दुसऱ्यासाठी नाही विझवायची."

"तू कुठं विझवलीस? मी विझवली."

आर्नेल एकदा कढईकडे, एकदा बंपरकडे बघत राहिला. त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले आणि तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," लूझ त्याला म्हणाली. "घास. धू. धूर सगळा जाऊ दे, मग मार."

तासाभरानं तिनं कालचा भात तीन ताटल्यांत वाढला. मासे झाकून आत नेले. साबेल शेडकडे पाठ करून बाकावर बसली होती. तिच्या पुढ्यात एक ताटली आली, कडेला चिमूटभर मीठ. तिनं हात लावला नाही.

मागे डबा फुसफुसू लागला. साबेलनं वळून पाहिलं नाही. तिला गरज नव्हती. आवाजावरून तिला हात कळत होता. सरळ गेला. परतला. सरळ गेला. रंग साईसारखा बसत असणार. मग कोपऱ्यावर आवाज रेंगाळला. साबेलनं ओठ घट्ट मिटले. आवाज तिथंच.

"हात हलव, मेल्या!" ती भिंतीकडे बघत ओरडली. "एका जागी धरलास तर ओघळ येईल!"

आवाज पुढे सरकला.

साबेलनं थंड भाताचा घास मिठाला लावला आणि तोंडात कोंबला.