एक खोली मागे

"आधी तुझा हलव, म्हणजे माझा आत येईल," वडील थोरल्याच्या दारात उभे राहून म्हणाले. त्यांच्या हातांत मॉनिटर होता आणि खांद्यावरून वायर लोंबत होती.

"बाबा, नवा येऊ तर द्या आधी."

"दुकानातून फोन आलाय ना? मग येणारच. तो आल्यावर कशाला पसारा काढायचा?"

सकाळी फोन धाकटीने घेतला होता. आज कॉम्प्युटर पोचतोय, एवढंच तिने ऐकलं आणि घरभर ओरडून सांगितलं. वडील महिनाभर नव्या कॉम्प्युटरचं बोलत होते आणि थोरला "बघतो" म्हणत होता. वडिलांनी उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. थाप कशासाठी ते थोरल्याला कळलं नाही, पण नको म्हणावं असंही वाटलं नाही.

या घरात कॉम्प्युटर मोडीत जायला फार वर्षं लागत. तो आधी एकेक खोली मागे सरके. नवा आला की हॉलमध्ये वडिलांच्या टेबलावर बसे. वडिलांचा थोरल्याकडे जाई, थोरल्याचा धाकटीकडे, आणि धाकटीचा स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या स्टुलावर, आईपुढे. तिथे पोचेपर्यंत त्याची निम्मी बटणं रुसलेली असत आणि आतला पंखा धापा टाकत असे. "आमच्याकडे कॉम्प्युटर रिटायर होतो, पण घर सोडत नाही," असं वडील पाहुण्यांना सांगत. स्वतः ते त्यावर पत्ते खेळत आणि हवामान बघत.

स्टुलावरच्या त्या कॉम्प्युटरसमोर उभी राहून आई रोज संध्याकाळी पाच वाजता दूरदूरच्या मुलांना गणित शिकवायची. तिचा वेळ चांगला जातो, असं घरातले म्हणत. ती स्वतः असं कधी म्हणाली नव्हती. कालच, अपूर्णांक समजावताना, पडदा थिजला. तिचा हात हवेत, तोंड उघडं, कागदाचा गोल अर्धाच कापलेला. पडदा हलला तेव्हा वर्गातल्या एका पोरीने आईच्या अडकलेल्या चित्राला मिशा काढून ठेवल्या होत्या. आई मनापासून हसली. क्लास चालवणाऱ्या बाई मात्र हसल्या नाहीत. "उद्या पुन्हा अडकलं, तर ही मुलं मी दुसऱ्या कोणाकडे देईन," त्यांनी सांगून टाकलं.

तो उद्या आज उजाडला होता.

"अहो, ऐका ना जरा," आई हात पुसत हॉलमध्ये आली. "तो कॉम्प्युटर..."

"नंतर गं. ही वायर कुठली ते कळू दे."

ती आत गेली. तीच कढई तिने पुन्हा घासली. मग खिडकीपाशी गेली, खाली रस्त्यावर नजर टाकली आणि परत आली.

"अहो, आज पाचला माझा वर्ग आहे. आणि तो कॉम्प्युटर ना..."

"तुझाही नंबर लागतोय, काळजी करू नकोस. धाकटीचा मिळणार तुला. मस्त चालतो."

"मधेच झोपतो फक्त," धाकटी म्हणाली. "बाजूने एक चापट मारायची, की उठतो."

आई पुन्हा आत गेली.

दुपार सरेपर्यंत घराची उलथापालथ झाली होती. आईचा कॉम्प्युटर गॅलरीत, फुटक्या बादलीला टेकून, भंगारवाल्याची वाट बघत होता. धाकटीचा स्टुलावर जोडून झाला होता. एक वायर उरली होती आणि ती कोणाची यावर भावंडांचं भांडण चालू होतं. हॉलमधलं टेबल वडिलांनी दोनदा पुसलं. रिकाम्या टेबलासमोर बसून ते बोटांनी ताल धरत होते. उठत होते, दार उघडून जिन्यात डोकावत होते, परत येऊन बसत होते.

"फोन करून विचार की," ते थोरल्याला म्हणाले.

"मी? तुम्हीच विचारा."

आईने धाकटीचा कॉम्प्युटर लावून पाहिला. तो सुरू झाला, थोडा वेळ विचारात पडला आणि झोपला. तिने चापट मारली नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पाच वाजायला आले होते.

बेल वाजली. चौघंही दाराशी धावली.

खोकं छातीशी धरून एक माणूस धापा टाकत उभा होता. वडिलांनी सहीसाठी हात पुढे केला.

"तुम्ही नाही, काका," तो चिठ्ठीकडे बघत म्हणाला. "घरातल्या बाईंच्या नावावर आहे. सही त्यांचीच लागेल."

वडिलांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने वडिलांकडे पाहिलं. तेवढ्यात आईने दोघांच्या मधून हात घालून सही केलीही.

"सकाळपासून तेच सांगतेय," ती म्हणाली. "वर्गाच्या पैशातून घेतला."

"अगं, पण..." वडील म्हणाले.

"दादा, चल, उचल. वेळ नाहीये," आई थोरल्याला म्हणाली.

थोरल्याने खोकं उचललं आणि आईचा म्हणून सवयीने तो स्वयंपाकघराकडे वळला.

"तिकडे कुठे?" आईने विचारलं. "नवा हॉलमध्ये बसतो ना आपल्याकडे? टेबलावर ठेव."

धाकटीला हसू आवरेना. थोरला खोकं फोडू लागला. आईने खुर्ची पुढे ओढली, केस नीट केले आणि कागदाचे गोल हाताशी मांडून ठेवले.

वडील टेबलाच्या कडेला हात धरून उभे होते. "आणि मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

अपूर्णांक न कळलेल्या मुलाशी बोलावं, तशा मायेने ती म्हणाली, "फ्रिजशेजारची माझी जागा रिकामी झालीये की."