नुसतं कपाळ

“मावशी, तोंडावर हात धरून का हसता?” मैत्रिणींच्या पैजेखातर एका मुलीने शाळेच्या सफाईवाल्या मावशींना विचारलं. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला, तशा मागे फिदीफिदी हसणाऱ्या पोरी गप्प झाल्या. “पुढचे दात गेलेत गं. परगावची नात फोनवर म्हणते, ‘आजी, चेहरा दाखव.’ मी आपलं कपाळच दाखवते. पोरगी त्यालाच पापे देते.” “मग दात बसवा ना!” “दोन वर्षांमागे सरकारी दवाखान्यात गेले, तर हे बिल दिलं. वाचता येईना, शिक्का बघूनच धसका घेतला.” मावशींनी पाकिटात जपलेला कागद मुलीने वाचला. “अहो, बिल कसलं? कमी पगारवाल्यांना दात मोफत, त्याचीच मंजुरी ही!” “म्हणजे दोन वर्षं पोरीला नुसतं कपाळच...” मावशींनी कागद परत घेतला. संध्याकाळी मुलीने घरी जाहीर केलं, “आईबाबा, उद्या शाळेला दांडी! मावशींबरोबर दवाखान्यात जाणार. रागवायचं ते परवा रागवा.”