दुसऱ्या बाजूची उडी

“मी डावीकडे पडलो, तर तू उजवीकडे उडी मारायची. उजवीकडे पडलो, तर डावीकडे. झालं.”

डोंगरमाथ्यावरच्या बर्फाच्या धारेच्या तोंडाशी उभं राहून बाझीलने आपलं नेहमीचं वाक्य टाकलं. सव्वीस वर्षं तो वाटाड्या म्हणून लोकांना या हिमनद्यांवरून आणि शिखरांवरून नेत होता, आणि इथे आलं की प्रत्येकाला हे ऐकवत होता. कोणी हसायचं, कोणी मुद्दाम किंचाळायचं. तेवढीच भीती हलकी व्हायची.

सोलांज हसली नाही. फ्रिबुर्गला औषधांचं दुकान चालवणारी, अठ्ठावन्न वर्षांची ही बाई पाच दिवस बाझीलच्या डोक्याला ताप झाली होती. गाठ अशीच का, पाणी किती घोट, चहा किती वाजता! बरं, तीन हजार मीटरच्या वर इथे सगळेच एकमेकांना ‘तू’ म्हणतात, तर ही अजून ‘तुम्ही’वरच अडलेली. “बाई कसली, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी आहे नुसती,” असं तो काल मुक्कामाच्या ठिकाणी म्हणालासुद्धा होता.

“उडी म्हणजे खरोखरची?” तिने विचारलं.

“मग काय खोटी?”

“पण ती बाजूही तेवढीच खोल आहे.”

“असू दे की! मी इकडे, तू तिकडे, मधे धार. दोर धारेवर अडकतो, दोघं लटकतात, दोघं वाचतात. तू जागेवर उभी राहिलीस, तर मी तुलाही घेऊन जाणार. कळलं?”

“कळलं. तुम्ही डावीकडे, तर मी उजवीकडे.”

धार हातभर रुंद होती. डावीकडे इटली, उजवीकडे स्वित्झर्लंड, आणि दोन्हीकडे सहाशे मीटर खाली हिमनदी. बाझील पुढे, दोराच्या दुसऱ्या टोकाला बारा मीटर मागे सोलांज. अर्धी धार झाली असेल नसेल, त्याच्या पायाखालचं बर्फ गेलं.

वाऱ्याने बाहेर काढलेला बर्फाचा सज्जाच त्याच्यासकट तुटला होता. तो इटलीच्या अंगाला पडला, पाठीवर, डोकं खाली. मनात एवढंच आलं की आता बाई येणार. दोर तिला खेचणार, ती माझ्या अंगावरून जाणार, आणि मग दोघांचाही निकाल.

दोराने कंबरेला असा हिसका दिला की त्याचा श्वासच गेला. आणि तो थांबला.

बाई आली नाही.

तो लटकून राहिला. वरून भुसभुशीत बर्फ तोंडावर सांडत होतं. दोर अडकला तरी कशात? धारेवर धड एक दगड नाही, आणि नव्वद किलोच्या माणसाला ही काटकुळी बाई उभ्या उभ्या धरणं शक्यच नव्हतं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडताना बसला नव्हता एवढा धक्का त्याला आत्ता बसला. बाईने उडी मारली होती.

“अरे देवा,” तो मोठ्याने म्हणाला. “देवा, देवा, देवा.”

धारेपलीकडून बारीक आवाज आला. “बाझील! आहेस का रे?”

“आहे! आहे गं! बर्फाची कुऱ्हाड आहे का हातात?”

“आहे!”

“मग ठोकत ठोकत वर चढ! मी एक पाऊल, तू एक पाऊल! घाई करू नकोस!”

रहाटाच्या दोन बादल्या, एक वर गेली की दुसरी खाली जाणार. पण इथे दोघांनाही वरच यायचं होतं. पाऊण तास लागला. शेवटी दोघं धारेवर आले आणि घोड्यावर बसावं तसे, दोन्हीकडे पाय सोडून, समोरासमोर बसले. तिची टोपी गेली होती, चष्म्याची एक काच गेली होती, नाकातून रक्त येत होतं.

“तू उडी मारलीस,” तो म्हणाला.

“तू सांगितलं होतंस ना.”

“सांगितलं होतं गं! सगळ्यांनाच सांगतो मी!” त्याचा आवाज चिरकला. “आजवर कोणी मारली नव्हती. माझ्या दोराला नाही, आमच्या गावातल्या कोणाच्याच दोराला नाही!”

“असं होय,” सोलांज म्हणाली. तिने बाहीने नाक पुसलं आणि पुढची धार पाहिली. “इथून उतार लागतो. म्हणजे आता मी पुढे आणि तू मागे, ना?”

“हो. उतारावर वाटाड्या मागेच असतो.”

“मग मी पडले, तर तू मारशील ना उडी?”

बाझीलने ती जिथे झोकून देऊन गेली होती तिकडे पाहिलं. निळसर उतार, मग काहीच नाही, मग खूप खाली हिमनदी. त्याला आपले पाय कळले. ते हलणार नव्हते. ती पडलीच, तर तो या धारेला मिठी मारून, डोळे गच्च मिटून पडून राहील, आणि दोघंही जातील. सव्वीस वर्षं आपण लोकांना काय सांगत आलो हे त्याला आज समजलं.

“मारेन की,” तो म्हणाला.

“मग झालं तर.”

सोलांज उठली, कंबरेची गाठ एकदा चाचपली, आणि त्याला ओलांडून, मागे न बघता चालू लागली.