साळूबाईचा हात

वरंध घाटात रस्त्याचं काम चालू होतं आणि मजुरांपैकी जवळपास प्रत्येकाला खरूज होती. महाडची डॉक्टर कालिंदी मलम घेऊन आली. सकाळभर खडी फोडलेली साळूबाई दुपारच्या सुट्टीत एकेकाच्या अंगाला ते मायेनं चोळायची. कालिंदीला तिचं फार कौतुक वाटलं.

"तुम्हाला नाही का खाज सुटत?"

"सुटते ना. पन हात ठेवला का किडं गप निजतात," साळूबाई हसली.

कालिंदीनं तिला तात्पुरत्या दवाखान्याच्या खोलीत नेलं आणि तिच्या मनगटावरची खपली काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. किडे निपचित पडले होते.

"येते, डाक्टरीणबाय."

साळूबाई बाहेर पडली, तसे सगळे किडे दाराकडे वळले. कालिंदीनं काच फिरवली. ते पुन्हा दाराकडेच वळले.

तेवढ्यात कालिंदीच्या स्वतःच्या मनगटात काहीतरी वळवळलं आणि दाराच्या दिशेनं सरकलं.