चार बोटं खाली

मारुतरावांची बायको दुर्गाबाई गेल्याचं पेपरात आलं, त्याच दिवशी सकाळी गणराजचा पहिला फोन आला. मारुतरावांनी तो उचलला नाही. दोन महिन्यांनी, मारुतरावांच्या कंपनीची गुरुवारची सुट्टी बघून, तो मारुंजीहून स्वतःच आला. तिशीतला आयटीवाला, शर्यतींच्या जुन्या सायकली जमवणारा. दारातच त्यानं पांढरे हातमोजे चढवले.

मारुतरावांनी जिन्याखालची चादर ओढली. याच सायकलीवर तीस वर्षांपूर्वी दुर्गाबाईंनी राष्ट्रीय शर्यत जिंकली होती. गणराज नुसता बघत राहिला.

"हात लावू, काका?"

"लावा की. चावत नाही ती."

गणराज खाली बसला. "हा ओरखडा कुठला?"

"घाटात पडली होती. मी रंग देणार होतो, तर दुर्गानं देऊ दिला नाही."

"वाचलो! रंग दिला असता तर चहा पिऊन परत गेलो असतो."

मारुतरावांना नवल वाटलं. कंपनीत ओरखड्याचा पार्ट ते रिजेक्ट मालाच्या लाल खोक्यात टाकून देत. "मग किंमत नक्की कशाला? लोखंडाला?"

"लोखंडाला कोण विचारतं! हीच सायकल माझ्या मेव्हण्यानं चालवली असती तर भंगारवाल्यानंही घेतली नसती. ताई जिंकून हिच्यावरून उतरल्या आणि ही तशीच राहिली. त्याला किंमत." त्यानं चाक फिरवून बघितलं. "टायर मात्र नंतरचे दिसतात."

"ती बदलून घ्यायची. हवा नसली की रिम बसतं म्हणायची. फोनवर तिच्या नावाची पाटी लावणार म्हणालात ना?"

"पितळेची. माझ्याकडे आहेत त्या सगळ्या सायकली भिंतीवर, पाटीसकट. लोक बघायला येतात, काका."

मारुतरावांना तेवढंच हवं होतं. पेपरातल्या बातमीत दुर्गाबाईंचं आडनाव चुकलं होतं. पाटीवर ते बरोबर येणार होतं.

गणराजनं एक छापील कागद पुढे केला. 'शेवटच्या शर्यतीनंतर ही सायकल कुणीही चालवलेली नाही.' खाली सहीची जागा.

"बरोबर आहे," मारुतराव म्हणाले. "त्या शर्यतीत दुर्गाचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, बंद. मीच सगळे नट आवळले आणि रेघा मारल्या."

"कसल्या रेघा?"

"आमची कंपनीतल्या लाइनवरची पद्धत आहे. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या पार्टपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. नट कुणी फिरवला की रेघ तुटते. मग तुम्ही देवाची शपथ घ्या नाहीतर साहेबाची, नट फिरलेला आहे. सीटखाली बघा."

गणराजनं मोबाइलचा उजेड टाकला आणि थांबला.

"काका, तुटलीय."

"काहीतरीच काय."

मारुतरावांनी चष्मा लावला. अर्धी रेघ नटावर, अर्धी सीट आवळणाऱ्या पट्टीवर, मध्ये बोटभर अंतर. सीट जुन्या जागेपासून चार बोटं खाली आली होती. आणि नटावरून पट्टीपर्यंत दुसरी एक रेघ होती. लाल. नेलपॉलिशची. ती सलग होती.

त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

"घरात आणखी कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

वरच्या मजल्यावरच्या शालनबाई चहाचे कप घेऊन जिना उतरत होत्या. मारुतरावांनी मान वर केली.

"शालनबाई, दुर्गा ही सायकल बाहेर काढायची का?"

शालनबाईंनी कप खाली ठेवले. "तुमच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यात. पाचला तुमची चाकणची बस, सव्वापाचला ताई."

"आणि दुसऱ्या पाळीला?"

"तेव्हा तुम्ही घरी असायचात ना, भावजी. कशी काढणार?"

"इतकी वर्षं! मला बोलली नाही."

"गुडघ्याचं नाव काढून तुम्ही चार दिवस अबोला धरला असता. सीट खाली घेतली तेव्हा मला म्हणाल्या, आता पाय टेकतात, आता पडत नाही."

गणराजनं घसा खाकरला. "काका, हे आपल्या तिघांतच राहू द्या. नेलपॉलिश थिनरनं निघतं. सीट जुन्या जागेवर घेतो. तुम्ही सही करा, पाटी मी या महिन्यातच लावतो."

मारुतरावांनी विचारलं, "सीट अशीच खाली ठेवली तर?"

"मग ती शर्यतीची सायकल राहत नाही. म्हातारपणी कुणीतरी फिरवलेली, एवढीच राहते."

"कुणीतरी नाही. तिनंच."

"ते खरं हो, पण घेणाऱ्याला ती शर्यत हवी असते."

गणराज पिशवीतून पाना काढायला वाकला. मारुतरावांनी सीटखालच्या नटावर तळहात ठेवला.

"याला हात लावू नका."

"काका, पाटी नाही लावता येणार मग."

"कळलं मला."

गणराजनं पिशवी बंद केली. मग हातमोजे काढून खिशात घातले. कागद मात्र त्यानं जिन्याच्या पायरीवर ठेवला. "विचार बदलला तर फोन करा," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मारुतराव नटाजवळून उठले नाहीत.

"शालनबाई, फाटकातून कुठे वळायची ती?"

"डावीकडे, देहूरोडच्या अंगाला. तासाभरानं यायच्या. घामानं ओल्या आणि पिशवीत मेथीची जुडी, मुळाला माती तशीच."

"ती मेथी मला मंडईतली म्हणून खायला घालायची."

"मंडई उघडते तरी का त्या वेळेला!" शालनबाई म्हणाल्या आणि कप उचलून वर गेल्या.

कागदावर सही झालेली नाही. देहूरोडच्या बाजूला इतक्या पहाटे मेथी कोण देतं, ते मारुतरावांना एकदा त्या वाटेनं जाऊन बघायचं आहे.