माळवदावरून पडलेला माणूस

"घरावरच्या माळवदावरून पडलात तुमी. कितींदा सांगू?" कडूबाई म्हणाली आणि तिनं पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी नेला.

सटवाजीनं ओठ घट्ट मिटून घेतले. परभणीच्या त्या दवाखान्यात शुद्धीवर येऊन त्याला चार दिवस झाले होते. डोक्याला पट्टी होती आणि डोक्यात काहीच नव्हतं. आपलं नाव सटवाजी, गाव पेडगाव, ही समोरची बाई आपली बायको, हे सगळं त्याला याच बाईनं सांगितलं होतं. एका रोग्यामागे एकाच माणसाला आत सोडत, त्यामुळे दुसरं कोणी सांगायला आलंच नव्हतं. अख्खी जिंदगी एकाच साक्षीदाराच्या भरवशावर असली की तो साक्षीदार जरा पारखूनच घ्यावा लागतो.

त्यानं पारखून पाहिला होता. कपाळावर कुंकू होतं, पण कुंकू काय, कोणीही लावील. मनगटं मात्र मोकळी होती. नाव-गाव पार पुसून गेलं तरी नवरा जिता असताना बाईच्या हातात एक तरी काकण असतंच, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे हिचा नवरा मेलेला. मग आपण कोण, आणि ही आपल्याला रोज चमच्यानं का भरवते?

त्यात सकाळी डॉक्टर टाके बघून म्हणाले होते, "एवढ्या उंचावरून पडले आणि हातापायाला खरचटलंसुद्धा नाही? पडून असं लागत नाही, बाई."

"मी सैपाकाला बसले व्हते, सायेब. मला काय ठावं?" ती खाली बघत म्हणाली होती.

"असू दे. हळूहळू आठवेल त्यांना सगळं," असं म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि सटवाजीनं तो नेमका पाहिला होता.

"लय नशिबाचे तुमी," शेजारच्या खाटेवर बापाचे पाय चेपत बसलेला मानवतचा लिंबाजी बोलला. "चार दिस झाले, वयनीनं डोळ्याला डोळा लावला न्हाई."

पाळत ठेवणारा कशाला डोळा लावील, सटवाजीच्या मनात आलं.

कडूबाईनं वाटी खाली ठेवली, त्याच्याकडे पाठ केली आणि पदराआड काहीतरी चुरडलं. पांढरी भुकटी पेजेत पडताना त्यानं पाहिली.

"काय टाकलंस?"

"गोळी. तुमी गिळंना, म्हून सिस्टरनी कुटून द्याया सांगितली."

"मग आधी तू खा."

"माज्या पोटात कशाला तुमची गोळी?" ती म्हणाली आणि दोन पावलं मागं सरली.

त्याला तेवढं पुरे झालं. तो खाटेवरून उठला तो थेट तिच्या अंगावर. वाटी भिंतीवर आपटली, पेज फरशीभर पसरली. डाव्या हातानं त्यानं तिची वेणी धरून मनगटाला एक वेढा दिला, उजवा हात गळ्यावर गेला, अंगठा बरोब्बर घाटीवर बसला. तिचं डोकं भिंतीवर एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं. चार दिवस त्याला साधा सदरा घालता येत नव्हता, हे मात्र सगळं न चुकता जमत होतं. तीही ओरडली नाही. तिनं फक्त हनुवटी छातीशी दाबली आणि त्याच्या अंगठ्याखाली आपली दोन बोटं सरकवली.

लिंबाजीनं मागून त्याला कवेत आवळलं. वॉर्डातली आणखी दोन माणसं धावली. सटवाजीला खाटेवर पालथा पाडून त्याचे हात बँडेजच्या पट्ट्यांनी बांधले तेव्हा तो धापा टाकत ओरडत होता, "जहर देत व्हती मला! ही माजी कोणी न्हाई!"

सिस्टरनं कडूबाईला स्टुलावर बसवलं आणि गळा तपासायला पदर बाजूला केला. बोटांचे लालभडक वळ उठले होते. त्यांच्या खाली तेवढेच रुंद, त्याच जागी, दुसरे वळ होते. ते हिरवे-पिवळे पडले होते.

"हे खालचे आजचे नाहीत," सिस्टर म्हणाली.

"न्हाईत." कडूबाईचा आवाज खरखरीत निघाला. "माळवद-बिळवद काय न्हाई, सिस्टर. त्या दिशीबी असाच गळा धरला व्हता. काकणं समदी फुटली. डोळ्यापुढं अंधारी आली, हाताला खलबत्त्याचा बत्ता लागला, तो त्यांच्या डोक्यात घातला म्या."

खाटेवरचं ओरडणं थांबलं. "खोटं बोलायली," सटवाजी म्हणाला, पण त्याचं त्यालाच ते पटेना.

"मग इथं का राहिलीस? का भरवत बसलीस?" सिस्टरनं विचारलं.

"चार दिस मला 'ओ बाई, पाणी द्या' म्हणत व्हते." ती पहिल्यांदाच रडली. "बावीस वर्सांत असं कदी बोलले न्हाईत. वाटलं, इसरले ते बरंच झालं. हा नवा माणूस ऱ्हाईल मला."

सिस्टरनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नको. त्यांना खरंच काही आठवत नाही गं."

कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं, खाटेखालची पिशवी ओढून घेतली आणि उभी राहिली.

"डोक्याला न्हाई आठवत, सिस्टर," ती म्हणाली. "हाताला समदं ध्यानात हाय."