मागचा प्लॉट

"मागच्या प्लॉटला रस्ता नंतर दाखवतो," असं सांगत, नगररचनेच्या साहेबांच्या हातापाया पडून दादाने आमच्या जमिनीच्या प्लॉटांचा नकाशा मंजूर करून घेतला.

मोजणीदाराने उघड्या जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या, तेव्हा आई मागच्या प्लॉटमध्ये उभी होती.

"चल आई, निघू या," मी हाक मारली.

ती रेघेपर्यंत आली आणि थबकली. मग भिंत चाचपावी तशी हवा चाचपत चारही कडांनी फिरली.

"चेष्टा पुरे गं!" म्हणत दादाने हात पुढे केला. रेघेवरच त्याची बोटं मुडपली.

मी वेड्यासारखी पायाने चुना पुसत सुटले. माती उकरली, तर खालीही चुनाच.

"रेघ मोडा हो!" मी मोजणीदाराला विनवलं.

"मंजूर झालंय, ताई. आता माझ्या हातात काही नाही."

आई अगदी समोर होती, पण आवाज बंद खोलीतून आल्यासारखा आला, "अरे, मला रस्ता कुठून ठेवलात?"